शीळ गेली, सुया आल्या

ज्यांचं तोंड अचानक वाकडं झालंय, त्यांना माझं पहिलं सांगणं: आरशासमोरून उठा. मी आरशापुढे इतके तास घालवले, की तेवढ्यात एखाद्याचं घर शाकारून झालं असतं. पण ओठ तसूभर हलला नाही. नुसतं बघून बरं होता आलं असतं, तर न्हाव्याच्या दुकानात कोणी आजारी दिसलंच नसतं.

मी तुळशीदास, घर आमोण्याला. साखळी ते म्हापसा खाजगी बसवर कंडक्टर होतो. ही हकीगत गोवा घटकराज्य झाला त्या वर्षीची, म्हणजे १९८७ची. इतकी वर्षं झाली, तरी आमच्या बाजूला कुणाचं तोंड वाकडं झालं की लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. मध्यंतरी एक नवा जावई आला होता, रुमालाने अर्धं तोंड झाकून, सोबत सासरा. सासरा म्हणतो, "ह्याला जरा तुमचं सांगा. रडतो हो." किती जणांना तेच तेच सांगू? म्हणून लिहायला बसलो. मी डॉक्टर नाही. माझ्यावर जे गुदरलं तेवढं सांगेन, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणेन.

शीळ

आमच्या गाडीला घंटा नव्हती. गोव्यातल्या खाजगी गाड्या तेव्हा कंडक्टरच्या शिळेवर चालत, अजूनही पुष्कळ चालतात. एक लांब शीळ म्हणजे थांब. दोन आखूड म्हणजे चल. तीन म्हणजे मागून कुणीतरी धावत येतंय, दम धर.

ड्रायव्हर भिकूदादा दोडामार्गकडचा, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. दहा वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो. हा गृहस्थ मागे वळून बघत नसे. भरलेल्या गाडीत आरशात दिसणार तरी काय, लोकांच्या काखा? तो माझ्या शिळेवर गाडी हाकायचा. आणि माझी शीळ म्हणजे काय सांगू महाराजा! बोट न लावता, नुसत्या ओठांनी. डिचोलीच्या स्टँडवर घातली की मुळगावात ऐकू जाते, असं लोक म्हणायचे. थोडं वाढवूनच म्हणत असतील, पण मी कधी कुणाला खोटं पाडलं नाही.

हे एवढं आधी सांगतोय, कारण दुसऱ्या कुणाचं तोंड वाकडं झालं तर त्याचं रूप जातं. माझं पोट जाणार होतं.

चूळ

फेब्रुवारीची अखेर. राजभाषेचा कायदा नुकता झाला होता. कोकणीवाले आणि मराठीवाले चहाच्या दुकानात एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. मी मराठीवाला. भजनं मराठी, नाटकं मराठी, पेपर मराठी, आणि भांडण मात्र नेहमी कोकणीतून, कारण त्याला जोर येतो.

त्या सकाळी न्हाणीत चूळ भरली आणि पाणी तोंडात राहीचना. डाव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर. परत भरली, परत तेच. शेवंतीने, माझ्या बायकोने, चहाचा कप हातात दिला. घोट घेतला तर अर्धा चहा छातीवर. शेवंती पेडण्याची, हळर्णची. माहेरची बोली तिच्या तोंडून कधी गेली नाही. म्हणाली, "सकाळीच सोंगां कित्याक करतास? चेडू हसता मगे."

तिचा काय दोष? मी घरात सोंगं करायचोच. चेडू म्हणजे आमची मुलगी दक्षा, तेव्हा पाचवीत होती, तिला हसवायला मी रोज काहीतरी तोंड वेडंवाकडं करायचो. त्या दिवशीही ती पोटभर हसली. मग मी डोळे मिटले आणि ती हसायची थांबली. उजवा डोळा मिटला होता आणि डावा तसाच टक्क उघडा. शेवंतीच्या हातातली किटली खाली पडली.

माझी आई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. माझा काका अर्धांगवायूने तीन वर्षं खाटेवर होता, त्याचं सगळं आईनेच केलेलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "डावा हात वर कर." केला. "पाय." केला. "माझं नाव सांग." सांगितलं. मग मटकन खाली बसली आणि म्हणाली, "नशीब रे माझं, तोंडावरच भागलं." त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला गंमतच वाटत होती.

सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता, स्वतःच सर्दीने बेजार. त्याने माझ्याकडून एकेक गोष्ट करून घेतली. भुवया उचला. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा. शेवटी म्हणाला, "शीळ घाला."

मनात म्हटलं, चला, एक तरी विषय आपल्या घरचा आला! ऐटीत ओठ जुळवले. फुस्स. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. परत. फुस्स. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होता. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

त्याने नीट समजावलं. हा अर्धांगवायू नाही, चेहऱ्याची शीर सुजली आहे. का सुजली ते बहुतेक वेळा कळत नाही. बऱ्याच लोकांची हालचाल काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येते. काहींचं थोडं राहून जातं. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचं औषध दिलं, झोपताना डोळा मिटून वर पट्टी चिकटवायला सांगितलं. आणि आराम. मी विचारलं, "आणि शीळ?" तो म्हणाला, "शिळेचं काय?" त्या भल्या माणसाने शिळेवर पोट भरणारा रोगी कधी पाहिला नसावा.

मुळगावचा थांबा

आता माझा गाढवपणा सांगतो. आराम करायचा सोडून मी चौथ्या दिवशी गाडीवर गेलो. पात्रांवाला, म्हणजे आमच्या बसमालकाला, कळलं तर दुसरा माणूस घेईल ही धास्ती. गळ्याला मफलर गुंडाळला, तो नाकापर्यंत ओढला. भिकूदादाला म्हटलं, दाढ सुजली आहे.

पहिली फजिती स्टँडवरच. "म्हापसा, म्हापसा" ओरडायला गेलो. 'म'ला आणि 'प'ला ओठ मिटावे लागतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बाहेर पडलं ते "न्हाफसा". एक म्हातारा खाली उतरून गाडीवरची पाटी वाचून आला.

पितळी शिट्टीही फुंकून बघितली, पण ओठ मिटेनात, हवा बाजूनेच निसटे; म्हणून शिळेच्या जागी मी गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची ठरवली. एक थाप थांब, दोन थापा चल. भिकूदादाला सांगितलं, तो मानेनेच हो म्हणाला. सकाळच्या खेपा निभावल्या. मला वाटलं, जिंकलं.

दुपारच्या परतीच्या खेपेला पार्वतीबाय गाडीत होती. म्हापशाहून नुस्तें, म्हणजे मासे, आणून मुळगावात विकणारी, रोजची. मुळगावला ती उतरत होती, एक पाय पायरीवर, डोक्यावर पाटी. तेवढ्यात शेजारून खनिजाचे ट्रक गेले, एकामागून एक, धाडधाड. त्या आवाजात भिकूदादाला दोन थापा ऐकू आल्या असं वाटलं, आणि त्याने गाडी सोडली. मी थांबवायला जीव तोडून शीळ घातली. फुस्स. पत्रा बडवला. गाडी चार हात गेली आणि पार्वतीबाय रस्त्यावर.

देवाची कृपा, गुडघा सोलपटला तेवढंच. पण बांगडे सगळे धुळीत. ती उठली ती तोंड सोडूनच. "तुज्या तोंडाक उजो पडूं! डोळे फुटले तुजे? शीळ खंय गेली तुजी? गिळली?" मी खाली उतरून बांगडे वेचत होतो. वाकताना मफलर घसरला. तिने माझं तोंड पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं.

भर रस्त्यावर शिव्या खाल्ल्याचं मला काही वाटलं नाही, त्याची आम्हाला सवय. पण ती गप्प झाली ना, ते लागलं. पार्वतीबाय हातातला बांगडा तसाच धरून म्हणाली, "आगे माये! केन्ना जालें रे हें पुता?" आणि मी, अडतीस वर्षांचा बाप्या, सगळ्या गाडीसमोर रडलो. तेही एकाच डोळ्याने धड.

तिनेच सुयांच्या डॉक्टरचं सांगितलं. म्हापशाच्या बाजाराच्या मागे, दोतोर लुर्दीन. पार्वतीबायच्या बहिणीचा खांदा वर होत नव्हता, तिथे सुया टोचून घेऊन आता ती विहिरीचं पाणी ओढते. "चिनी विद्या ती," ती म्हणाली, "पूण दोतोर आमचीच."

मी गाडीवरून उतरलो तो उतरलोच. भिकूदादा स्टेअरिंगला धरून बसला होता, खाली आलाही नाही. पात्रांव म्हणाला, मेअखेरपर्यंत जागा ठेवतो, तोवर माझा भाचा येईल. जून लागला, शाळा उघडल्या की मला कायमचा माणूस हवा. म्हणजे माझ्याकडे तीन महिने होते. तेवढ्यात शीळ आली तर आली.

कौल

चीन म्हटल्यावर आई थेट उठली. तिने देवळात जाऊन प्रसाद लावला. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाला विचारतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी एकही पडेना. भटजींचे पाय दुखायला लागले. आई म्हणाली, "देव विचार करतोय, चीन लांब आहे." शेवटी उजवी पडली. आईने आपल्या हातांनी माझी पिशवी भरून दिली.

सुया

दोतोर लुर्दीन साठीच्या घरातली बाई, फुलाफुलांचा झगा, कापलेले पांढरे केस. तरुणपणी कुठल्याशा मिशनच्या इस्पितळात होती, तिथे ही विद्या शिकली. आधी तिने माझे इस्पितळाचे कागद वाचले, अगदी शेवटपर्यंत. म्हणाली, "गोळ्या घेता मरे? त्यो सोडूं नाका. डोळो सांबाळ. सुयो ताचे वयर." मी विचारलं, गुण येणार ना? ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "उतर दिना हांव." शब्द देत नाही म्हणजे नाही. तिच्याकडे एक वही होती, त्यात गुण आलेल्यांची नावं होती आणि न आलेल्यांचीही. न आलेल्यांची पानं तिने मला मुद्दाम उघडून दाखवली. गुडघे, पाठ, खांदा, डोकेदुखी, यात बऱ्याच जणांना आराम पडतो, काहींना अजिबात नाही. बहिरेपणाला घेऊन आलेल्या एका माणसाला तिने चार वेळा टोचलं आणि सरळ मोठ्या इस्पितळात पाठवलं. तोंडाचं म्हणशील, ती म्हणाली, तर पुष्कळांचं आपोआपही परत येतं, त्यामुळे माझ्या सुयांनी आलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. इतकं खरं बोलणारी डॉक्टर मला आवडली.

सुया केसासारख्या बारीक. पाण्याच्या डब्यात उकळून, वाफेत ठेवून काढलेल्या. मुंगी चावावी तसं होतं, मग ती जागा जड होते. कपाळावर, गालावर, कानामागे, ओठाच्या कोपऱ्याशी, आणि एक हाताला, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात. मी म्हटलं, "दुखणं तोंडाचं आणि सुई हाताला?" ती म्हणाली, चिनी लोक सांगतात की तिथून तोंडापर्यंत वाट आहे. "म्हाका ती वाट केन्नाच दिसूंक ना. पूण थंय तोपलें की लोकांक बरें दिसता, तें दिसलां." म्हणजे वाट दिसली नाही, बरं वाटलेले लोक दिसलेत.

मग ती सुक्या पाल्याची जाड विडी पेटवायची आणि तिचं निखाऱ्याचं टोक गालाजवळ फिरवायची, न टेकवता. ऊब आत मुरायची. सगळ्या खोलीत वणवा लागल्यासारखा वास. घरी गेलो की शेवंती अंगणातच कपडे उतरवून घ्यायची.

कायतानबाब

आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. शेजारच्या खाटेवर कायतानबाब असायचा. थिवीचा पदेर, म्हणजे पाववाला, आयुष्यभर सायकलवरून दारोदार पाव विकले, त्यात गुडघे गेले. कट्टर कोकणीवाला. माझ्या पिशवीतून मराठी पेपर डोकावताना त्याने पाहिला आणि त्याला आनंदाचं भरतं आलं. कारण साधं होतं. त्याच्या सुया गुडघ्यात, तोंड मोकळं. माझ्या सुया तोंडात, बोलायची बंदी.

वीस मिनिटं तो बोलायचा आणि मी ऐकायचो. कोकणी ही आपली आई कशी, तिच्यासाठी लोकांनी काय काय सोसलं, मराठीवाल्यांची डोकी कशी फिरली. माझ्याकडे एकेका मुद्द्याला तीन तीन उत्तरं असायची, ती सगळी सुयांच्या आत अडकलेली. सुया निघेपर्यंत तो काठी टेकत पसार. सायबा, असला छळ कुणाचा होऊ नये!

एके दिवशी त्याने कागदात गुंडाळून काहीतरी आणलं. उघडलं तर त्याच्या सायकलचा रबरी भोंगा, पाववाल्यांचा असतो तो, पोंक पोंक. "शीळ येयसर हें वाजयत बस रे!" माझं डोकं सणकलं. सुया निघाल्यावर काय बोलायचं ते ठरवत राहिलो. मग वाटलं, ह्या माणसाचा धंदा सुटला, आणि त्याने सायकलचा भोंगा काढून मला दिलाय. घरी दक्षाने आठवडाभर पोंक पोंक करून शेजाऱ्यांना वात आणला.

काळे दिवस

आनंदाचंच लिहायचं ठरवलंय, पण खोटं कशाला बोलू? एक महिना झाला आणि काही हलेना. जेवताना घास गालात अडकायचा, बोटाने काढावा लागायचा. म्हणून मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. दक्षा एकदा टक लावून बघत होती, तिच्यावर ओरडलो. ती घाबरून शेवंतीमागे लपली. ती कशाला घाबरली, ओरड्याला की तोंडाला, ह्यावर मी दोन दिवस आरशापुढे काढले. शेवटी आरसा नाहीसा झाला. शेवंतीने तो तांदळाच्या पिंपात लपवला होता.

आणि भिकूदादा एकदाही आला नाही. साखळी ते आमोणे किती लांब? दहा वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. पात्रांवाचा भाचा गळ्यात पितळी शिट्टी अडकवून गाडीवर असतो, असं लोक सांगायचे. म्हटलं, झाली असेल सवय. मला राग आला होता आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

एप्रिलमध्ये हळर्णला मेहुण्याचं लग्न निघालं. मी म्हटलं, येत नाही. फोटो काढतात तिथे. शेवंतीने वाद घातला नाही. ट्रंकेतून माझा शर्ट काढला, इस्त्री केली, आणि म्हणाली, "मी तुमच्या डाव्या अंगाक उभी रवतंय. फोटोवालो आडो इलो तर माजो अंबाडो आसा." त्या फोटोत माझ्या डाव्या गालाच्या जागी तिच्या अंबाड्यातली अबोली आहे. तिचा स्वतःचा चेहरा निम्माच आलाय. आमच्या घरातला सगळ्यात चांगला फोटो तो.

हाललें!

लग्नानंतरच्या आठवड्यात सुया घेऊन पडलो होतो. कायतानबाबचं व्याख्यान चालू. दर मिनिटाला मराठीची एकेक वीट तो पाडत होता. मग मध्येच थांबला. खिडकीबाहेर बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "पूण तुका एक सांगतां. कोणाक सांगूं नाका."

चाळीस वर्षं, तो म्हणाला, गावच्या जत्रेतलं मराठी नाटक त्याने एकदाही चुकवलं नाही. पुढच्या रांगेत बसतो. राजा मेला की रडतो. बायकोला सांगतो, पिठाचा हिशेब करायला गेलो होतो. "कोंकणी म्हजी आवय," कायतानबाब छातीवर हात ठेवून म्हणाला, "पूण राजा मरचो तर मराठींतूच!"

मला हसू फुटलं. थांबवायला गेलो तर जास्त फुटलं. आणि कायतानबाब एकदम ताठ बसला, गुडघ्यात सुया तशाच. "हाललें! दोतोर! गाल हाललो ताजो! दावो गाल हाललो!" दोतोर लुर्दीन धावत आली ती आधी त्यालाच आडवं पाडत कडाडली, "न्हीद आदीं! सुयो मोडटल्यो!" मग माझ्यावर वाकली. "परत हांस." कुणी हुकूम केल्यावर हसू येतं होय? पण कायतानबाबने मेलेल्या राजाची नक्कल केली आणि ओठाचा डावा कोपरा, देवाशपथ, मसूरभर वर गेला. डॉक्टरीण, पदेर आणि मी, तिघंही एकाच वेळी दोन भाषांतून बोलत होतो. सुया निघाल्यावर कायतानबाबला मी कडकडून मिठी मारली. त्याच्या सगळ्या मुद्द्यांना उत्तरं द्यायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर रोज काहीतरी नवं. आधी पापणी अर्धी मिटली. मग भात गालात अडकेना. आई मला चुलीपाशी बसवून फुंकणीने जाळ करायला लावायची. पहिले दिवस राख माझ्याच तोंडावर, मग एकदा जाळ भडकला आणि आईने चुलीलाच हात जोडले. शीळ मी घरात घालून बघत नसे, फजिती कोण बघणार? मांडवीच्या काठी जायचो, पाणी आणि मी. फुस्स, फुस्स, फुस्स. मेच्या मधल्या एका सकाळी त्या फुस्समधून सुतासारखा आवाज निघाला. कुठल्याशा पाखराचा असेल म्हणून मी आजूबाजूला बघितलं. मग परत घातली. माझाच होता!

मी थेट म्हापशाला पळालो आणि दोतोर लुर्दीनच्या दारात उभा राहून शीळ घातली. बाकावरचे रोगी दचकले. विचारलं, "आता तरी सांगा, सुयांनीच झालं ना?" ती वहीत माझं नाव शोधत होती. म्हणाली, "खबर ना रे म्हाका. तुजी शीर आपल्या पांयांनी परत आयली आसतली, वा गोळ्यांनी, वा सुयांनी. पूण पयलीं आयिल्लो तेन्ना तुका न्हीद नाशिल्ली, आतां आसा. तें हांवें दोळ्यांनी पळयलां." आणि माझ्या नावापुढे तिने लिहिलं: बरा झाला, कारण निश्चित नाही.

मला विचाराल तर माझं उत्तर हेच. तोंड वाकडं झालं की आधी मोठ्या डॉक्टरकडे पळा, त्याच दिवशी. गोळ्या घ्या, डोळा जपा. मग सुया टोचून घ्यायच्या तर घ्या, पण शब्द देणाऱ्याकडे नको, न देणाऱ्याकडे जा. मला तिथे दर खेपेला वीस मिनिटं कुणीतरी आपल्याकडे नीट बघतंय असं वाटायचं, आणि एक पदेर हसवायचा. त्याचा गुण किती, सुईचा किती, मला वेगळं काढता येत नाही. आणि पूर्ण आधीसारखं झालं असंही नाही. दमलो की डावा डोळा अजून बारीक होतो. फोटोवाले म्हणतात, काका, डोळा नका मारू.

दोन आखूड

मेचे शेवटचे दिवस. घटकराज्याच्या तयारीने म्हापसा फुलून गेला होता, पताका, तोरणं, फटाके. मी सकाळी साखळीच्या स्टँडवर पोचलो. पात्रांवाने माझी शीळ ऐकून बघितली, मान हलवली, आणि भाच्याच्या गळ्यातून शिट्टी काढून खिशात टाकली. भाचा बिचारा खूष दिसला. त्याला ट्रकवर जायचं होतं.

भिकूदादा आधीच चाकामागे बसला होता. मी मागच्या दाराशी चढलो. त्याने वळून बघितलं नाही. म्हटलं, असू दे, मीही काही बोलणार नाही. गाडी भरली. शेवटच्या माणसाने पाय आत घेतला. मी ओठ जुळवले आणि घातली, दोन आखूड.

गाडी हलेना.

परत घातली, ह्या वेळी जोरात. इंजिन चालू आणि गाडी जागच्या जागी. लोक चुळबुळायला लागले. कुणीतरी म्हणालं, "कितें रे, सुटची ना?" माझं टाळकं सटकलं. तीन महिने तोंड दाखवलं नाहीस, आणि आता पहिल्याच दिवशी मला सगळ्यांसमोर हलकं करतोस? माणसं बाजूला सारत, टोपल्या ओलांडत मी पुढे गेलो. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं.

भिकूदादा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून रडत होता. गप्प, नुसतं पाणी गळत होतं. मला बघून म्हणाला, "त्या दिसा गाडी सोडूच्या आदी मी मागे बघूक होया होता रे. त्या बायचो पाय मोडलो असतो तर? मी खंयच्या तोंडान तुज्याकडे येवा? माका वाटला, तुजी शीळ आता काय ऐकूक गावाची नाय."

 मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मागून ओरडा सुरू झाला होता, "आरे, बाजार उठतलो मरे!"

"अजून एकदा मार," भिकूदादा शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला. "हंयच. माज्या कानाकडे."

मी तिथेच, त्याच्या कानाशी, दोन आखूड शिळा घातल्या. दुसरी जरा फाटली, कारण आता दोन्हीकडचे ओठ थरथरत होते. पण गाडी सुटली.